साळखात्याची बोली

बाबा इथे पहिल्यांदा आले ते
अडकलेला पगार मागायला.
पिशवीत पासबुक, हजेरीचं कार्ड,
आणि घड्यांवर फाटत आलेला युनियनचा कागद.
फाटकावर नवी मोरपंखी पाटी:
युवा कला केंद्र. खाली लहान अक्षरांत,
काम चालू आहे.
बाबा म्हणाले, चला,
बत्तीस वर्षांनी का होईना.

मी आतच होते, ठेकेदाराची सुपरवायझर.
जमिनीतून डोकावणारे बोल्ट
पोरं ग्राइंडरने कापत होती.
एका साच्याचे चार पाय, साचे चारशे,
बोल्ट सोळाशे. बिल मीच लावणार होते.

बाबांनी खांब मोजले.
सातव्यापाशी थांबून दोन पावलं डावीकडे सरकले
आणि असे उभे राहिले
जसे देवापुढेही कधी राहिले नाहीत.
एकशे चौदा, म्हणाले.
ठिणग्या पायांशी येत होत्या.
अंकल, हटो! पोरं ओरडली.
बाबा हलले नाहीत.

साचे थांबले त्याच सुमारास
त्यांचे कानही थांबले होते.
नंदानगरच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे
त्यांच्यासमोर येऊन, ओठ रुंद करून बोलतो.
आई रागावली की पाठ करून बोलायची,
तेवढंच त्यांच्यापासून झाकलेलं.

याला आम्ही बहिरेपण म्हणत आलो.
नाटकाच्या वर्गातली तस्नीम म्हणाली, दीदी,
ये तो पूरी ज़बान है,
आणि बाबांना खुर्ची दिली. कुणी पोहे आणले, वर भरपूर सेव.
सोनटक्के अंकल, एक बार फिर से.

तळहातावर अंगठा घासला की तंबाखू.
मिशीवर बोट, मुकादम आला.
दोन बोटांची कात्री, धागा तुटला.
मनगटावर मनगट, माझे साचे बघ, मी आलोच.
चारशे धोट्यांच्या खडखडाटात
या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी
उधारीवरून भांडूसुद्धा शकायचा.
आणि कानाची पाळी धरली की?
बाबा माझ्याकडे बघून म्हणाले,
मुलगी झाली.
दुसऱ्या पाळीत हिचा निरोप आला.
मी पाळी धरली, शेजारच्याने धरली, त्याच्या शेजारच्याने,
पार ताणाखात्याच्या दारापर्यंत
सगळं खातं कान धरून उभं.

हे मला अडतीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.
मी मीटर तपासायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मागच्या गोदामात झांकीतला हत्ती सापडला,
अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यापर्यंत मिरवलेला.
मोटर जोडली तर एक कान हलला.
दुसरा उंदरांनी खाल्लाय.
त्याला ठेवायचं की नाही यावर
कमिटीच्या तीन बैठका झाल्या.

उद्घाटनाला बाबा शेवटच्या रांगेत.
मंचावरचे पाहुणे माइक झाकून
शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले,
आणि अख्ख्या सभागृहात एकटे बाबा हसले.
घरी येताना रिक्षात मी विचारलं, काय म्हणाले?
म्हणाले,
साडेसातचं विमान आहे, हे कधी आटपणार?

पगाराची फाइल भोपाळला आहे.
कागद पिशवीत, पिशवी खुंटीला.

खांब सातच्या डावीकडे, स्टेजच्या फळ्यांखाली
चार बोल्ट तसेच आहेत.
बिलात मी सोळाशेच लावले.

परवा ढोलांच्या वर्गात कानठळ्या बसत होत्या.
हॉलच्या पार पलीकडून तस्नीमने मला
तळहातावर अंगठा घासून दाखवला.
तंबाखू नाही. या पोरांत आता
त्याचा अर्थ चहा.
बाबांना दाखवलं.
चूक आहे, म्हणाले. साफ चूक.
मग जरा वेळाने, तिकडेच बघत,
माझ्यासाठी बिनसाखरेचा सांग.